कृत्तिकांपासून सप्तर्षींपर्यंत : द्विनेत्रीतून दिसणारे तारकागुच्छ



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच इमारतीत भूगोल शिकलो आणि पुढे त्यांच्याच खुर्चीवर बसून तो शिकविला. त्यांच्या स्मृतिदिनी बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी व्यवस्थापक मंडळाचा ऋणी आहे. परंतु व्याख्यानाचा आरंभ मी एका कबुलीने करणार आहे.

शिक्षकी पेशाच्या पहिल्या कित्येक वर्षांत मी मुलांना नक्षत्रे शिकवीत असे ती फळ्यावर. ‘कृत्तिका हा सहा ताऱ्यांचा पुंजका’ हे वाक्य मी पुस्तकात वाचले होते आणि दरवर्षी सांगत होतो. एका हिवाळ्यात सातवीतील एक मुलगा दुसऱ्या दिवशी उठून म्हणाला, ‘‘सर, मी काल गच्चीवरून मोजले. मला सात दिसले. खरे किती?’’ मी त्याला काहीतरी उत्तर देऊन खाली बसविले. खरे म्हणजे मी ते कधीच मोजले नव्हते. त्या रात्री मी प्रथमच कृत्तिका मोजण्यासाठी म्हणून गच्चीवर गेलो. मला सहाच दिसले. मुलाची दृष्टी माझ्याहून चांगली होती, इतकाच त्याचा अर्थ. पुढे आठवडाभराने एका स्नेह्यांची द्विनेत्री दुर्बीण, म्हणजे आपण ज्याला बायनॉक्युलर म्हणतो ती, मागून आणली आणि पुन्हा पाहिले. सहाही नव्हते, सातही नव्हते. चाळिसांच्या पुढे गेल्यावर मी मोजणे सोडून दिले आणि नुसता पाहत राहिलो.

गंमत अशी की हा सहा-सातांचा प्रश्न फार जुना आहे. तैत्तिरीय वाङ्मयात सात कृत्तिकांची नावे आहेत, तर पुराणांत कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या कृत्तिका सहाच आहेत. डोळ्यांवर आणि हवेवर अवलंबून असलेला हा वाद चार बोटे रुंदीच्या भिंगाने क्षणात मिटतो. आज माझे सांगणे एवढेच आहे की, आकाशातील खुले तारकागुच्छ पाहण्यासाठी द्विनेत्री हे मोठ्या दुर्बिणीच्या अभावी वापरायचे दुय्यम साधन नसून तेच खरे योग्य साधन आहे. आणि हे गुच्छ एकदा ओळखता आले, की ताऱ्यांचा जन्म, वय आणि वियोग ही सारी कहाणी आपल्याला घरच्या गच्चीवरून वाचता येते.

तारकागुच्छ म्हणजे काय?

तारे एकेकटे जन्माला येत नाहीत. वायू आणि धूळ यांचे अतिविशाल, थंड मेघ आकाशगंगेच्या पट्ट्यात पसरलेले आहेत. अशा मेघाचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला, की त्याची शकले होतात आणि त्यांतून काही डझनांपासून काही हजारांपर्यंत तारे जवळजवळ एकाच काळी निर्माण होतात. अशा सहोदर ताऱ्यांच्या समूहाला ‘खुला तारकागुच्छ’ म्हणतात. ‘खुला’ अशासाठी की, यातील तारे विरळ असतात, सुटे सुटे दिसतात आणि त्यांना धरून ठेवणारे गुरुत्वाकर्षण दुर्बळ असते. याउलट ‘बंदिस्त’ किंवा गोलाकार गुच्छांत लक्षावधी वृद्ध तारे चेंडूसारखे दाटलेले असतात. ते फार दूर असल्यामुळे लहान साधनातून धुरकट ठिपक्यासारखेच दिसतात.

कृत्तिकांतील तारे केवळ दृष्टिभ्रमाने जवळ दिसतात की खरोखरच एकत्र आहेत, हा प्रश्न जॉन मिशेल या इंग्रज विद्वानाने १७६७ साली गणिताने सोडविला. तारे आकाशात वाटेल तसे विखुरलेले असते, तर कृत्तिकांच्या सहा तेजस्वी ताऱ्यांसारखा पुंजका योगायोगाने जुळून येण्याचा संभव सुमारे पाच लाखांत एक इतकाच आहे, असे त्याने दाखविले. तेव्हा ही जवळीक योगायोगाची नव्हे, हा निष्कर्ष त्याने ताऱ्यांची अंतरे कोणालाही मोजता येत नव्हती अशा काळात काढला.

साधन आणि त्याचा वापर

द्विनेत्रीवर ७×५० किंवा १०×५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आकाशदर्शनासाठी दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे क्षेत्रफळ तिच्या सुमारे ५० पट असल्यामुळे तितका अधिक प्रकाश गोळा होतो. चांगल्या अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. द्विनेत्रीतून ही मर्यादा नवव्या प्रतीपर्यंत आणि थोडी पलीकडेही जाते. वयोमानाने बाहुली तितकी उघडत नाही, म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना १०×५० अधिक मानवते. मुलांना १०×५० हातात स्थिर धरणे जड जाते; त्यांना ७×५० बरी.

मोठ्या दुर्बिणीपेक्षा हिची थोरवी कशात आहे? तिच्या दृष्टिक्षेत्रात. चंद्रबिंबाची रुंदी अर्धा अंश आहे. सामान्य दुर्बिणीतून एका वेळी एखादा अंश आकाश दिसते. द्विनेत्रीतून सहा-सात अंश दिसते. कृत्तिका दोन अंशांपर्यंत पसरलेल्या आहेत आणि रोहिणीचा गुच्छ पाच अंशांहून मोठा आहे. मोठ्या दुर्बिणीतून त्यांचे तुकडे दिसतात. गुच्छ असा दिसतच नाही. खिडकीच्या फटीतून जत्रा पाहण्यातला हा प्रकार आहे.

वापराबाबत काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. प्रथम डावा डोळा मधल्या चाकाने आणि मग उजवा डोळा त्याच्या नेत्रिकेवरील कड्याने, असे दोन्ही डोळे एखाद्या ताऱ्यावर स्वतंत्रपणे जुळवून घ्यावेत. तारा टाचणीच्या टोकासारखा दिसला पाहिजे. कोपरे कठड्यावर टेकवावीत किंवा सतरंजी अंथरून सरळ उताणे पडावे. हात थरथरत असेल तर निम्मे तारे हरवतात. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावण्यास किमान वीस मिनिटे लागतात. नकाशा पाहण्यासाठी विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद बांधावा, म्हणजे सरावलेली दृष्टी मोडत नाही. अंधूक गुच्छाकडे थेट न पाहता त्याच्या किंचित बाजूला पाहावे; डोळ्याच्या कडेची दृष्टी मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असते. खरेदी करताना ‘झूम’च्या मोहात पडू नये. मी पडलो होतो. त्या साधनात प्रत्येक तारा जोडीने दिसे आणि तासाभरात डोके दुखू लागे. आणि विद्यार्थ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना : द्विनेत्री सूर्याकडे कधीही, चुकूनसुद्धा, रोखू नये. दृष्टी कायमची जाते.

हिवाळ्याचे आकाश

आपल्या इंदूरचा अक्षांश सुमारे २२ अंश ४३ कला उत्तर आहे. कृत्तिका खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेस आहेत. म्हणजे त्या आपल्या जवळजवळ अगदी डोक्यावरून जातात. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मान पूर्ण वर करावी लागते. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत कमी थरातून येतो. इतकी सोयीची जागा युरोपातील कोणत्याही शहराला लाभलेली नाही.

गॅलिलिओने १६१० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत आपल्या दुर्बिणीतून दिसलेल्या कृत्तिकांच्या ३६ ताऱ्यांचा नकाशा दिला. आजची साधी द्विनेत्री त्याच्या त्या साधनापेक्षा या कामी कितीतरी सरस आहे. तिच्यातून निळसर पांढरे तारे मखमलीवर सांडल्यासारखे दिसतात. गुच्छाचे अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे आहे. म्हणजे आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश गॅलिलिओ विशीत असताना तेथून निघाला. गुच्छात हजाराहून अधिक तारे आहेत. छायाचित्रांत त्यांच्याभोवती निळी धूसर वस्त्रे दिसतात. ती जन्माच्या वेळचा उरलेला मेघ असावा असे पूर्वी मानत. परंतु कृत्तिका आता वाटेत भेटलेल्या एका परक्या धूलिमेघातून जात आहेत, असे आज मानले जाते. द्विनेत्रीत आपल्याला असे धुके दिसलेच, तर प्रथम भिंगावर दव पडले आहे का ते पाहावे. थंडीत बहुधा तेच असते.

कृत्तिकांचे आपल्या विद्येशी आणखी एक नाते आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात याचा अर्थ असा लावला की, त्या काळी कृत्तिका बरोबर विषुववृत्तावर होत्या. पृथ्वीच्या अक्षाची परांचन गती हिशेबात घेऊन त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा ठरविला. या काळनिर्णयाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण एका तारकागुच्छाचा घड्याळासारखा उपयोग करण्याची ती रीत आजही मन वेधून घेते.

कृत्तिकांच्या पूर्वेस रोहिणी. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या आकृतीच्या एका टोकाला ही नारिंगी तारका चमकते. प्राचीनांनी या आकृतीला शकट, म्हणजे गाडा म्हटले. पाश्चात्त्य तिला हायडीज म्हणतात. येथे माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. रोहिणी ही या गुच्छाची मुख्य तारका, असे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. वास्तविक ती या कुटुंबातली नव्हेच. गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे आणि रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर. समूहाचे छायाचित्र काढताना मध्येच कोणी वाटसरू येऊन उभा राहावा, तशी ती पुढे उभी आहे. खरी भावंडे कोणती, हे ताऱ्यांच्या चालीवरून कळते. लुईस बॉस या अमेरिकन ज्योतिर्विदाने १९०८ साली दाखविले की, या गुच्छातील ताऱ्यांच्या गतिरेषा लांबविल्या तर लांबच लांब लोहमार्गाच्या रुळांप्रमाणे त्या एका बिंदूकडे मिळताना दिसतात. म्हणजे ते सारे समांतर मार्गाने चाललेले सहप्रवासी आहेत. रोहिणी त्यांत नाही. द्विनेत्रीत या गुच्छातील ताऱ्यांच्या अनेक जोड्या आणि त्यांचे पिवळे-पांढरे रंग सुरेख दिसतात.

आता उत्तरेकडे वळू. डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास शर्मिष्ठेची ‘एम’ अक्षरासारखी आकृती उत्तर आकाशात असते. तिच्या मधल्या ताऱ्यापासून पूर्वेकडील शेजारच्या ताऱ्याकडे रेषा काढावी आणि ती त्याच दिशेने सुमारे दुप्पट पुढे न्यावी. तेथे ययातीच्या हद्दीत दोन धूसर पुंजके एकमेकांस खेटून दिसतील. हा जोडगुच्छ. त्याचे अंतर सुमारे ७,५०० प्रकाशवर्षे आहे. कृत्तिकांच्या सतरा पट दूर असूनही तो दिसतो, यावरून त्यातील ताऱ्यांच्या मूळ तेजाची कल्पना करावी. तेथून थोडे खाली ययातीच्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याभोवती द्विनेत्री न्यावी. नुसत्या डोळ्यांना एकटा वाटणारा तो तारा तीन-चार अंशांत पसरलेल्या वळणदार माळेचा मुख्य मणी आहे, हे तत्काळ ध्यानी येते. रोहिणीच्या अगदी उलट, हा तारा मात्र आपल्या गुच्छाचा सख्खा सदस्य आहे.

सारथी मंडलात ब्रह्महृदयाच्या दक्षिणेस मेसियेच्या यादीतील ३६, ३७ आणि ३८ क्रमांकांचे तीन गुच्छ आहेत. द्विनेत्रीच्या एका क्षेत्रात ते जेमतेम मावतात आणि तीन फुंकरांसारखे दिसतात. मिथुनाच्या पायापाशी ३५ क्रमांकाचा गुच्छ आहे. व्याधाच्या चार अंश दक्षिणेस ४१ क्रमांकाचा गुच्छ आहे. व्याध क्षेत्राच्या वरच्या कडेला ठेवला, की खाली तो उमटतो. ही यादी करणारा शार्ल मेसिये पॅरिसमध्ये धूमकेतू शोधीत असे. धूमकेतूचा भास करून फसविणारे धूसर ठिपके टाळता यावेत, म्हणून त्याने १७७४ सालापासून त्यांची सूची प्रसिद्ध केली. कृत्तिका तिच्यात ४५ व्या आहेत. त्याला ज्या गोष्टी अडचणीच्या वाटत होत्या, त्यांच्यासाठीच आज आपण त्याचे नाव घेतो.

वसंतापासून शरदापर्यंत

मार्चमध्ये पुष्य नक्षत्र डोक्यावर येते. कर्क राशीत, दोन मंद ताऱ्यांच्या मधोमध, अंधाऱ्या रात्री एक पुसट डाग दिसतो. हाच मेसियेचा ४४ वा गुच्छ, इंग्रजीत मधमाश्यांचे पोळे. गॅलिलिओने येथे चाळिसांहून अधिक तारे पाहिले. शहरातून हा डाग डोळ्यांना मुळीच दिसत नाही. पण द्विनेत्री लावताच पोळे उठते. सूर्यमार्गाच्या जवळ असल्यामुळे अधूनमधून एखादा ग्रह याच्या अंगणातून जातो. याच राशीत ६७ क्रमांकाचा एक गुच्छ आहे. तो द्विनेत्रीत नुसता धुराचा ठिपका दिसतो, परंतु त्याचे महत्त्व पुढे सांगणार आहे.

एप्रिल-मेमध्ये सिंहाच्या शेपटीच्या, म्हणजे उत्तरा तारकेच्या, ईशान्येस ‘अरुंधती केश’ नावाचे मंडल आहे. तेथील सुटे तारे सुमारे २८० प्रकाशवर्षांवरील, पाच अंश रुंद अशा गुच्छाचे आहेत. मोठी दुर्बीण येथे सर्वस्वी निरुपयोगी ठरते.

मे अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास, किंवा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात तिन्हीसांजेनंतर नैर्ऋत्येस, वृश्चिकाची नांगी पाहावी. मूळ नक्षत्राच्या ताऱ्यांच्या डावीकडे सहा आणि सात क्रमांकांचे दोन गुच्छ एकाच क्षेत्रात येतात. सातवा गुच्छ दुसऱ्या शतकात टॉलेमीने नोंदविला होता. मेसियेच्या यादीतील ही सर्वांत दक्षिणेकडील वस्तू. पॅरिसहून ती क्षितिजावर जेमतेम साडेसहा अंश चढते. आपल्याकडून साडेबत्तीस अंश. बेळगाव, गोवा वा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना तर ती आणखी उंच दिसेल, आणि नौकेच्या शिडाच्या प्रदेशातील जे गुच्छ आम्हाला क्षितिजावरील धुळीत हरवतात, तेही त्यांना लाभतील. दक्षिणेस जावे तसे आकाश उलगडत जाते, हा भूगोलाचा धडा फळ्यापेक्षा येथे चांगला समजतो.

गुच्छांनी काय शिकविले?

एखाद्या गावातील सर्व वयांच्या माणसांकडे पाहून माणूस कसा वाढतो हे सांगणे कठीण. परंतु एकाच वर्षी जन्मलेल्यांचा वर्ग दहा-दहा वर्षांनी पाहिला, तर वाढ स्पष्ट दिसते. तारकागुच्छ हे ज्योतिर्विदांचे असे वर्ग आहेत. प्रत्येक गुच्छात लहान-मोठे तारे असतात, पण सर्वांचे वय आणि अंतर जवळजवळ एकच. हर्ट्‌झस्प्रुंगने १९११ साली कृत्तिका आणि हायडीज यांच्या ताऱ्यांचा रंग आणि तेज यांचा आलेख काढला, त्याचे कारण हेच.

या आलेखाने एक विलक्षण गोष्ट दाखविली. मोठा तारा अधिक जगत नाही; तो लवकर संपतो. त्याच्याजवळ इंधन अधिक असते, पण उधळपट्टी त्याहून कितीतरी अधिक. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षे. त्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांतच संपतो. म्हणून गुच्छात कोणत्या आकारापर्यंतचे निळे तारे शिल्लक आहेत, यावरून त्याचे वय निघते. जोडगुच्छात अतितेजस्वी तारे अजून आहेत. त्याचे वय दीड कोटी वर्षांच्या आत आहे. कृत्तिका सुमारे १० ते १३ कोटी वर्षांच्या आहेत. हायडीज आणि पुष्यातील पोळे सुमारे ६५ कोटी वर्षांची. त्यांचे मोठे तारे फुगून नारिंगी झाले आहेत. आणि कर्केतला तो धुराचा ठिपका, ६७ क्रमांकाचा गुच्छ, सुमारे ४०० कोटी वर्षांचा आहे. आपल्या सूर्याच्या ४६० कोटी वर्षांशी ताडून पाहावा असा.

हे आकडे हवेत राहू नयेत म्हणून मी मुलांना पायाखालचा दगड दाखवितो. मालव्याचे पठार ज्या काळ्या बेसाल्टचे बनले आहे, तो लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. कृत्तिका त्या वेळी आकाशात होत्याच. जोडगुच्छातील तारे मात्र तेव्हा जन्मले नव्हते. त्यांच्या जन्मापूर्वी आपला हा काळा दगड थंड होऊन पाच कोटी वर्षे लोटली होती. तारे सनातन आणि दगड जुना, ही आपली समजूत एका रात्रीत उलटी होते.

गुच्छांनी आणखी एक रहस्य फोडले. रॉबर्ट ट्रम्पलरला १९३० साली असे आढळले की, दूरचे गुच्छ त्यांच्या आकारमानाच्या मानाने वाजवीपेक्षा अंधूक दिसतात. म्हणजे वाटेत काहीतरी प्रकाश अडवीत होते. तारकांमधील पोकळी ही खरी पोकळी नसून तीत धूळ आहे, हे असे सिद्ध झाले आणि आकाशगंगेचे त्यापूर्वी काढलेले माप सुधारावे लागले.

मालव्याची रात्र

बनारसची पहाट, अवधची सांज आणि मालव्याची रात्र, अशी एक ख्याती आपण लहानपणापासून ऐकत आलो. उज्जैनीला वेधशाळा उभी राहिली, ती याच आकाशाखाली. ती रात्र आता आपल्या शहरावरून उठून गेली आहे. ज्या गच्चीवरून त्या मुलाने सात कृत्तिका मोजल्या, तेथून गेल्या हिवाळ्यात मला चार दिसल्या. त्यातला काही दोष माझ्या डोळ्यांचा धरला, तरी शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीलाही पाचच दिसल्या. आपण आकाशाकडे फेकलेला प्रकाश कोणाच्याही कामाचा नसतो. वर तोंड केलेला दिवा चोराला अडवीत नाही, नि वाटसरूला वाटही दाखवीत नाही. तो फक्त तारे पुसतो.

येथेही द्विनेत्री अंशतः उपयोगी पडते. शहरातून तिच्यामुळे कृत्तिका, हायडीज, पुष्याचे पोळे आणि वृश्चिकाचा सातवा गुच्छ अजून दिसतात. अंधूक गुच्छांसाठी मात्र गावाबाहेरच जावे लागते. म्हणून माझी शाळेला एक विनंती आहे. महिन्यातून एकदा, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, क्रीडांगणाचे दिवे तासभर बंद ठेवावेत. गच्चीवर सतरंज्या घालाव्यात. एक वही ठेवावी. तिच्यात हिवाळ्याच्या प्रत्येक खेपेस मुलांनी एवढेच लिहावे : तारीख, वेळ, आणि नुसत्या डोळ्यांना किती कृत्तिका दिसल्या. दहा वर्षांनी ती वही या शहराच्या आकाशाचा इतिहास होईल. माजी विद्यार्थ्यांनी मनात आणले, तर दोन-चार द्विनेत्री शाळेला भेट देणे त्यांना अवघड नाही. मोठ्या दुर्बिणीच्या निधीसाठी थांबण्याचे कारण नाही.

शेवटी एकच गुच्छ सांगतो. तो पाहायला द्विनेत्रीही लागत नाही. खुले गुच्छ टिकत नाहीत. आकाशगंगेच्या ओढीने आणि वाटेतल्या मेघांच्या धक्क्यांनी एकेक तारा सुटत जातो. २०१३ साली सोडलेल्या ‘गाइया’ या युरोपीय उपग्रहाच्या मापनांवरून २०१९ साली हायडीजच्या मागे-पुढे शेकडो प्रकाशवर्षे लांबलेल्या, निसटलेल्या ताऱ्यांच्या रांगा सापडल्या. आपला सूर्यही बहुधा अशाच एखाद्या गुच्छात जन्मला; त्याची भावंडे आज कोठे आहेत, हे ओळखणे फार कठीण झाले आहे.

रिचर्ड प्रॉक्टरने १८६९ साली दाखविले की, सप्तर्षींपैकी पाच तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे ते पाच. वसिष्ठाशेजारची अरुंधतीही त्यांच्यासोबत आहे. क्रतू आणि मरीची या दोघांची वाट निराळी आहे. सुमारे ८० प्रकाशवर्षांवरचा हा विखुरलेला गुच्छ आहे. तो आकाशात इतका पसरला आहे की गुच्छ म्हणून ओळखूही येत नाही. त्यांचे मूळ एक आहे, हे केवळ त्यांच्या चालीवरून कळते.

आज या सभागृहात वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्या बसल्या आहेत. कोणी वडोदऱ्याहून आले आहेत, कोणी ग्वाल्हेरहून, कोणी परदेशातून. ज्यांनी आपल्याला चालायला शिकविले, त्या गुरुवर्यांना वंदन करून मी आपली रजा घेतो. सभा संपल्यावर घाई नसेल त्यांनी कृपया गच्चीवर यावे. मी द्विनेत्री आणली आहे आणि आकाश आज स्वच्छ आहे.